खिशातली नोट कोणाचं देणं आहे? मध्यवर्ती बँका आणि डिजिटल चलन

ताळेबंद

मध्यवर्ती बँकेने (आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने) स्वतः काढलेल्या डिजिटल चलनाचा विषय निघाला की गाडी ताबडतोब तंत्रज्ञानावर जाते. ब्लॉकचेन वापरलंय का, टोकन आहे की खातं आहे, इंटरनेट नसताना चालेल का. मध्यवर्ती बँकेच्या खुर्चीत बसून पाहिलं तर याच्या आधीचा एक प्रश्न असतो: हे पैसे कोणाचं देणं आहेत? गेले काही महिने मी निरनिराळ्या मध्यवर्ती बँकांचे अहवाल वाचतोय. त्यातून जे मत तयार झालं ते इथे मांडतो. चुकत असेल तिथे खोडून काढा.

आपण दोन वेगळ्या गोष्टींना 'पैसे' हे एकच नाव देतो. नोट हे मध्यवर्ती बँकेचं देणं आहे. खात्यातली शिल्लक मात्र आपल्या बँकेचं देणं, म्हणजे 'मागाल तेव्हा नोटा देऊ' असं बँकेने दिलेलं वचन. रोजच्या व्यवहारात हा फरक जाणवत नाही. तो जाणवू नये यासाठीच मध्यवर्ती बँक झटत असते.

बँक ऑफ इंग्लंडने २०१४ साली आपल्या तिमाही पत्रिकेत एक लेख छापला होता. बँका आधी ठेवी गोळा करतात आणि मग त्यातून कर्ज देतात ही समजूत त्यात स्पष्ट शब्दांत खोडून काढली आहे. कर्ज मंजूर होतं त्याच क्षणी कर्जदाराच्या खात्यात नवी ठेव जन्माला येते. त्याच लेखातला आकडा असा की ब्रिटनमध्ये वापरात असलेल्या पैशापैकी ९७ टक्के बँक ठेवी होत्या, नोटा-नाणी उरलेली ३ टक्के. म्हणजे जवळजवळ सगळा पैसा खासगी बँकांनी निर्माण केलेला, आणि तो सगळा त्या ३ टक्क्यांच्या खुंटीला टांगलेला.

खुंटी नसेल तर काय होतं ते इतिहासात दिसतं. स्वीडनमध्ये १६६१ साली स्टॉकहोम्स बँकोने युरोपातल्या पहिल्या बँकनोटा काढल्या. तिचा चालक योहान पाल्मस्ट्रुख. तिथली तांब्याची नाणी इतकी जड असत की कागद बरा म्हणून लोकांनी नोटा आनंदाने घेतल्या. बँकेने तिजोरीतल्या धातूपेक्षा फार जास्त नोटा छापल्या, लोक नोटांच्या बदल्यात धातू मागायला एकदम आले आणि बँक बसली. तिच्या जागी १६६८ साली जी संस्था उभी राहिली ती आजची रिक्सबँक, जगातली सर्वात जुनी मध्यवर्ती बँक. लोकांनी इतका चटका खाल्ला होता की सुरुवातीला तिला नोटा काढायलाच मनाई होती.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. १८३७ ते १८६३ या काळात तिथे शेकडो बँका आपापल्या नोटा काढत. एका गावच्या बँकेची नोट दुसऱ्या गावात पूर्ण किमतीला चालेल याची खात्री नसे. कुठल्या बँकेच्या नोटेवर किती बट्टा कापायचा याची छापील पत्रकं व्यापारी जवळ बाळगत. एका बँकेतला डॉलर आणि दुसऱ्या बँकेतला डॉलर एकाच किमतीचा असणं ही आज आपण गृहीत धरलेली गोष्ट मुद्दाम घडवावी लागली आहे.

आता रोख वापर घटतोय. सामान्य माणसाच्या हाती मध्यवर्ती बँकेचा पैसा फक्त नोटेच्या रूपात येतो. नोट गेली तर सामान्य माणूस आणि मध्यवर्ती बँक यांच्यातला थेट धागाच तुटतो. मग उरतात बँका, कार्डांची जाळी आणि फोनमधली पाकिटं, सगळी खासगी. जून २०१९ मध्ये फेसबुकने लिब्रा नावाचं चलन जाहीर केलं तेव्हा मध्यवर्ती बँका खडबडून जाग्या झाल्या. पुढे त्याचं नाव डिएम झालं आणि २०२२ मध्ये ते गुंडाळलं गेलं, पण तोवर सगळीकडे डिजिटल चलनाचे विभाग उघडले होते. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय देणी बँकेने, म्हणजे बाझेलच्या बीआयएसने, ८६ मध्यवर्ती बँकांना विचारलं तेव्हा त्यातल्या ९४ टक्के या ना त्या टप्प्यावर डिजिटल चलनाचा विचार करत होत्या.

युरोपीय मध्यवर्ती बँकेची काळजी आणखी वेगळी. युरो वापरणाऱ्या देशांत कार्डाने होणाऱ्या व्यवहारांपैकी जवळपास दोन तृतीयांश व्यवहार युरोपाबाहेरच्या कंपन्यांच्या जाळ्यांवरून जातात. चलन आपलं पण ते धावणारे रूळ दुसऱ्याचे, ही कुठल्याही मध्यवर्ती बँकेची झोप उडवणारी गोष्ट आहे.

हा सगळा युक्तिवाद मला पटतो. पण तो मध्यवर्ती बँकेच्या गरजेचा आहे, लोकांच्या गरजेचा नाही, आणि घोडं तिथेच पेंड खातंय. फिनलंडच्या मध्यवर्ती बँकेने १९९३ मध्येच आवांत नावाचं पैसे साठवणारं चिपकार्ड आणलं होतं. काही वर्षांत ते खासगी बँकांकडे गेलं, साध्या डेबिट कार्डापुढे टिकलं नाही आणि २००६ मध्ये बंद झालं. बहामाने २० ऑक्टोबर २०२० रोजी सँड डॉलर हा आपला डिजिटल डॉलर देशभर सुरू केला. तिथे कारण भक्कम होतं: शेकडो बेटं, बँका लहान बेटांवरच्या शाखा बंद करत चाललेल्या, २०१९ मध्ये डोरियन वादळाने केलेला विध्वंस. तरीही लोकांनी तो फारसा वापरला नाही, आणि २०२४ मध्ये तिथल्या गव्हर्नरांना बँकांवर सक्ती आणण्याची भाषा करावी लागली.

खुंटी हवी हे मान्य, पण तिच्यावर काही अडकवायची गरज लोकांना वाटत नसेल तर ती भिंतीत किती दिवस टिकेल, हा माझा प्रश्न आहे.

सांजवेळ

धागा आवडला, पण मी पहिल्याच पायरीवर अडकले. मी फोनवरून पैसे देते ते डिजिटलच असतात ना? मग मध्यवर्ती बँक वेगळं काय देणार? माझ्यासारख्या वाचकांसाठी जरा सोपं करून सांगाल का?

ताळेबंद

तुम्ही फोनवरून पैसे देता तेव्हा पैसे हलत नाहीत, दोन बँकांच्या वह्यांमधल्या नोंदी बदलतात. तुमच्या बँकेने तुमचं देणं कमी केलं, दुकानदाराच्या बँकेने त्याचं देणं वाढवलं, आणि रात्री किंवा लगेच त्या दोन बँकांनी आपापसात हिशेब मिटवला. मध्यवर्ती बँकेच्या डिजिटल चलनात देणारी बाजू बदलते. पाकिटात शंभर असतील तर ते शंभर मध्यवर्ती बँक तुम्हाला देणं लागते, अगदी नोटेसारखं. ॲप एखाद्या बँकेचं असलं आणि ती बँक उद्या बुडाली, तरी ते शंभर बुडत नाहीत.

ठेव विम्याच्या मर्यादेत छोटी रक्कम असणाऱ्याला हा फरक एरवी जाणवत नाही. मर्यादेबाहेर असलेल्याला एका सकाळी अचानक जाणवतो. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत बुडालेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेच्या ठेवीदारांना जाणवला; तिथे विम्याची मर्यादा अडीच लाख डॉलर आणि बहुतेक ठेवी त्याच्या वर होत्या. शेवटी सरकारला सगळ्याच ठेवींची हमी घ्यावी लागली.

रात्रपाळी

बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे बँकेचा निधी सांभाळणाऱ्या विभागात, बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून एक दुरुस्ती. ताळेबंद, तुमची खुंटी चुकीच्या भिंतीवर आहे. ९७ टक्के ठेवी त्या ३ टक्के नोटांना टांगलेल्या नसतात. त्या टांगलेल्या असतात बँकांच्या मध्यवर्ती बँकेतल्या खात्यांना. दोन बँकांतला हिशेब त्या खात्यांतून मिटतो, आणि तो एकास एक मिटतो म्हणून माझ्या बँकेतले शंभर आणि तुमच्या बँकेतले शंभर सारखे. उद्या एकही नोट उरली नाही तरी ही यंत्रणा चालू राहील. ही खाती कित्येक दशकं संगणकावरच आहेत. मध्यवर्ती बँकेचं डिजिटल चलन नवीन नाही. फक्त ते बँकांना मिळतं, तुम्हा-आम्हाला मिळत नाही.

त्यामुळे खरा वाद किरकोळ, म्हणजे सामान्य लोकांसाठीच्या, डिजिटल चलनाचा आहे. आणि तिथे ट्रेझरीतल्या माणसाला पहिली भीती वाटते ती ठेवी पळण्याची. सिलिकॉन व्हॅली बँकेतून ९ मार्च २०२३ या एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर बाहेर गेले आणि दुसऱ्या दिवसासाठी आणखी १०,००० कोटींच्या मागण्या रांगेत होत्या. २००७ मध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारात माणसं रांगा लावून उभी होती. रांग लागायला वेळ लागतो, तेवढा वेळ तरी हाताशी मिळतो. आता विचार करा, प्रत्येकाच्या फोनमध्ये मध्यवर्ती बँकेचं पाकीट आहे आणि अफवा पसरली. शुक्रवारी दुपारी सगळा देश बँकेतून पैसे काढून पूर्ण सुरक्षित पाकिटात टाकील, आणि त्याला एक बोट पुरेल.

अफवा नसतानाही गोष्ट साधी नाही. ठेवी हळूहळू तिकडे सरकल्या तर बँकांना कर्जासाठी निधी कुठून मिळणार? मध्यवर्ती बँकेकडून उसना. मग कोणत्या तारणावर, कोणत्या दराने, किती, हे मध्यवर्ती बँक ठरवणार. म्हणजे घरकर्ज जास्त की कारखान्याला कर्ज जास्त हे आडवाटेने तिच्या हातात जाणार. बहुतेक मध्यवर्ती बँकांना ही जबाबदारी अंगावर घ्यायची अजिबात इच्छा नाही. म्हणून त्या स्वतःच आपल्या चलनाचे पाय बांधतात. डिजिटल युरोवर व्याज नसेल असं आधीच ठरवलंय, आणि प्रत्येकाने किती ठेवावं यावर मर्यादा असेल. चर्चेत ३,००० युरोचा आकडा येत राहिला आहे.

ताळेबंद

दुरुस्ती मान्य. बँकांच्या मध्यवर्ती बँकेतल्या खात्यांचा मुद्दा मी गाळला होता आणि त्याने युक्तिवाद बराच बदलतो. तरी एक शिल्लक राहतं. बँका एकमेकींत हिशेब मिटवू शकतात हे खरं, पण ठेवीदाराला 'मला बँकेचं वचन नको, खरा पैसा दे' असं म्हणण्याचा हक्क आज नोटेमुळे आहे. हा हक्क रोज कोणी बजावत नाही. तो आहे एवढ्यानेही बँक सरळ वागते. नोट नाहीशी झाली तर तो हक्क फक्त बँकांकडे उरेल.

कोरा_कागद

इथवर कोणी खासगीपणाबद्दल बोललं नाही याचं मला आश्चर्य वाटतंय. माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म तेच आहे.

नोट कोणाला काही सांगत नाही. मी कोणत्या डॉक्टरकडे गेलो, कोणत्या संघटनेला वर्गणी दिली, कोणतं पुस्तक घेतलं, नोटेला ठाऊक नसतं आणि ती कोणाकडे बोलत नाही. चीनच्या मध्यवर्ती बँकेने आपल्या डिजिटल युआनसाठी 'नियंत्रित अनामिकता' असा शब्द वापरला आहे. सर्वात खालच्या दर्जाचं पाकीट फक्त फोन नंबरवर उघडतं, समोरच्या दुकानदाराला तुमचं नाव कळत नाही. पण नियंत्रण ज्याच्या हातात त्याच्यापुढे अनामिकता नाही. दुकानदारापासून लपणं मला फारसं नकोच आहे.

दुसरी गोष्ट, पैशाला अटी जोडण्याची. ऑक्टोबर २०२० मध्ये शेन्झेनमध्ये ५०,००० लोकांना सोडतीने प्रत्येकी २०० युआन वाटले. ते ठरावीक दुकानांत आणि ठरावीक दिवसांच्या आतच खर्च करायचे होते, नाहीतर परत जायचे. प्रयोग म्हणून, भेट म्हणून ठीक. पण मुदत संपली की नाहीसा होणारा पैसा बनवता येतो हे त्या आठवड्यात जगाने पाहिलं. उद्या मंदी आली, लोक खर्च करत नाहीत म्हणून कुणी अर्थशास्त्रज्ञ म्हणेल की सगळ्यांच्याच पैशाला मुदत घाला. आज कोणी असं म्हणत नाही हे मला माहीत आहे. पण कळ बसवली की ती कधीतरी कोणीतरी दाबतो.

युरोपीय मध्यवर्ती बँक म्हणते की इंटरनेटशिवायच्या छोट्या व्यवहारांत रोखीइतकी गुप्तता असेल, आणि पैशाला अशा अटी घालणार नाही. चांगलं आहे. पण असली आश्वासनं अहवालात असून भागत नाही, ती कायद्याच्या कलमात हवीत आणि मोडली तर न्यायालयात दाद मागता यायला हवी. तंत्रज्ञान कितीही चांगलं असलं तरी ते एका सुधारित आवृत्तीत बदलता येतं.

पाणकणीस

नायजेरियाची गोष्ट या धाग्यात यायलाच हवी. कारण तिथे मध्यवर्ती बँकेने जवळजवळ सगळे उपाय करून पाहिले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. २५ ऑक्टोबर २०२१ रोजी ई-नायरा सुरू झाला. आफ्रिकेतलं असं पहिलं चलन. वर्षभराने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासात दिसलं की कुठल्याही एका आठवड्यात ९८.५ टक्के पाकिटांतून एकही व्यवहार होत नाही. लोकांनी उघडून ठेवली आणि विसरून गेले.

मग ऑक्टोबर २०२२ मध्ये मोठ्या नोटांची नवी मालिका जाहीर झाली. जुन्या नोटा बदलायची मुदत थोडी, नव्या नोटा त्याहून थोड्या. २०२३ च्या सुरुवातीला देशभर रोखीचा दुष्काळ. एटीएमसमोर रांगा, हाणामाऱ्या, बँकांच्या शाखांवर हल्ले. ३ मार्च २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जुन्या नोटा त्या वर्षअखेरपर्यंत चालतील असा निकाल दिला. लोकांना रोख मिळत नव्हती तेव्हा ई-नायराचा वापर थोडा वाढला हे खरं, पण बहुतेकांनी मार्ग शोधला तो बँकांच्या ॲपचा, मोबाइल पैशांचा आणि एजंटांचा. डिसेंबर २०२३ मध्ये बँकांवरचं क्रिप्टोचं बंधनही सैल झालं.

मला यात दिसतं ते असं की रोख हिसकावून घेऊन डिजिटल चलन रुजत नाही. नोट नाकारणारी संस्थाच दुसऱ्या हाताने नवं चलन पुढे करत असेल तर माणूस दोन्ही हातांपासून दूर सरकतो.

औदुंबर

पाणकणीस, पूर्ण सहमत. इक्वेडोरचंही हेच झालं. २००० साली त्या देशाने स्वतःचं चलन सोडून डॉलर घेतला. २०१४ मध्ये मध्यवर्ती बँकेने डॉलरमध्येच चालणारा इलेक्ट्रॉनिक पैसा सुरू केला. लोकांना वाटलं, डॉलरपासून मागे फिरण्याची ही पहिली पायरी असेल. ज्या बँकेवर विश्वास नव्हता म्हणून डॉलर आला, तिच्याच पाकिटात डॉलर का ठेवायचे? २०१८ पर्यंत ते बंद पडलं.

शेवटचा_बाक

मी विरुद्ध बाजूने बोलतो, कोणीतरी बोलायला हवं. मध्यवर्ती बँकेने यात पडूच नये. खासगी स्टेबलकॉइन आहेत, डॉलरला बांधलेले, जगभर चालतात, कोणत्या सरकारी प्रकल्पापेक्षा जास्त वापरले जातात. अमेरिकेने तोच रस्ता धरला आहे. २३ जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने मध्यवर्ती बँकेच्या डिजिटल चलनाचं काम थांबवलं आणि १८ जुलै २०२५ रोजी स्टेबलकॉइनसाठी जीनियस कायदा आला: पाठीशी रोख किंवा अल्पमुदतीचे सरकारी रोखे ठेवा, दर महिन्याला हिशेब जाहीर करा, धारकांना व्याज देऊ नका. कॅनडाच्या मध्यवर्ती बँकेनेही २०२४ मध्ये किरकोळ डिजिटल डॉलरचं काम बाजूला ठेवलं. नियम कडक करा आणि बाजाराला करू द्या. यात वाईट काय?

रात्रपाळी

शेवटचा_बाक, प्रश्न रास्त आहे. वाईट काय ते मार्च २०२३ च्याच शनिवार-रविवारी दिसलं. यूएसडीसी हे सर्वात सांभाळून चालवलेल्या स्टेबलकॉइनपैकी एक. त्याच्या राखीव निधीतले ३३० कोटी डॉलर सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकले आणि एका डॉलरचं नाणं ९० सेंटच्या खाली गेलं. टेरा या दुसऱ्या स्टेबलकॉइनचं तर सोडूनच द्या. ते मे २०२२ मध्ये कोसळलं तेव्हा पाठीशी पुरेसा खरा निधीच नव्हता. पण यूएसडीसीच्या मागे निधी होता, आणि तरी बट्टा लागला. नाण्याची किंमत सावरली ती तेव्हाच, जेव्हा सरकारने बँकेतल्या ठेवींची हमी घेतली. म्हणजे शेवटी सार्वजनिक पैशानेच खासगी नाण्याला सावरलं. वर धाग्यात १८३७ नंतरच्या नोटांवरच्या बट्ट्याची गोष्ट आली आहे, ती मला त्या आठवड्यात सारखी आठवत होती.

अमेरिकेची गोष्ट आणखी एका कारणाने वेगळी आहे. जवळजवळ सगळी स्टेबलकॉइन डॉलरची आहेत, त्यामागे अमेरिकी सरकारचे रोखे विकत घेतले जातात. त्या देशाला हे सोयीचं. दुसऱ्या देशाच्या मध्यवर्ती बँकेकडून पाहा: लोक बचत परक्या चलनात फोनवर ठेवू लागले, तर ती रेपो दर वाढवो की कमी करो, त्याचा परिणाम कोणावर होणार? महागाई आटोक्यात ठेवायचं तिचं एकमेव मोठं हत्यार म्हणजे स्वतःच्या चलनातला व्याजदर. लोकांची कर्जं आणि बचत त्या चलनात असेल तोवरच ते चालतं. मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर स्टेबलकॉइनवर बोलताना इतके कठोर का होतात, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

याच संदर्भात कोरा_कागद यांच्या मुदतीच्या पैशाबद्दल. व्याजदराच्या बाजूने त्याला एक सख्खा भाऊ आहे, उणे व्याज. युरोपीय मध्यवर्ती बँकेने जून २०१४ मध्ये बँकांच्या ठेवींवरचा दर शून्याच्या खाली नेला आणि २०१९ मध्ये उणे ०.५ टक्क्यांपर्यंत पोचवला. जुलै २०२२ मध्ये तो शून्यावर परत आला. याहून खाली का नेता आला नाही? कारण नोट. दर फारच उणे झाला की लोक नोटा काढून तिजोरीत ठेवतील. नोट म्हणजे मध्यवर्ती बँकेच्या हाताला असलेली मर्यादाही आहे. नोट रद्द करून तिच्या जागी व्याज लावता येणारं डिजिटल चलन आलं तर ती मर्यादा जाते. काही अर्थशास्त्रज्ञांना हा फायदा वाटतो. मला आयुष्यभर व्याजदरांचं काम करूनही तो फायदा वाटत नाही.

कोरा_कागद

रात्रपाळी, शेवटच्या परिच्छेदाला माझं शंभर टक्के अनुमोदन. हा दुवा मला सुचला नव्हता.

सांजवेळ

आता पुष्कळ कळलं, सगळ्यांचे आभार. भारताच्या डिजिटल रुपयाचं काय चाललंय? तो यात कुठे बसतो?

औदुंबर

थोडक्यात सांगतो. वित्त कायदा २०२२ ने रिझर्व्ह बँक कायद्यातली बँकनोटेची व्याख्या रुंदावली आणि डिजिटल रूपालाही नोट म्हटलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये संकल्पना टिपण आलं. घाऊक, म्हणजे बँकांपुरता, प्रयोग १ नोव्हेंबर २०२२ ला सरकारी रोख्यांच्या व्यवहारांसाठी, किरकोळ प्रयोग १ डिसेंबर २०२२ ला चार शहरांत. नोटांच्याच किमतींत मिळतो, व्याज नाही, बँकांच्या ॲपमधून वाटला जातो.

मार्च २०२५ अखेर सुमारे १,०१६ कोटींचा डिजिटल रुपया चलनात होता. वर्षभरापूर्वी तो २३४ कोटी होता, म्हणजे वाढ मोठी. पण त्याच वेळी कागदी नोटा ३६ लाख कोटींच्या वर होत्या. आणि यूपीआयवर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. ताळेबंद म्हणतात तो पेच इथे सर्वात ठळक आहे. बँकेतल्या पैशाची ये-जा झटपट आणि ग्राहकाला फुकट होत असेल तर माणूस दुसरं पाकीट का उघडेल? म्हणून रिझर्व्ह बँक आता इंटरनेटशिवायचे व्यवहार, ठरावीक कामासाठीची मदत थेट पोचवणं आणि देशाबाहेरची देणी-घेणी या बाजूंना जास्त लक्ष देतेय. माझ्या मते तिसरी बाजू सर्वात महत्त्वाची. परदेशातून घरी पैसे पाठवणाऱ्याला आजही कित्येक दिवस लागतात आणि रकमेला मोठी कात्री लागते. तिथे लोकांची गरज खरी आहे.

शेवटचा_बाक

रात्रपाळी, बट्ट्याचा मुद्दा पटला. स्टेबलकॉइनबद्दल माझा उत्साह थोडा कमी झाला हे कबूल करतो. पण मग सार्वजनिक यंत्रणा बंद पडली तर? खासगी चार असतात, सार्वजनिक एकच.

ताळेबंद

ही भीती कल्पनेतली नाही. पूर्व कॅरिबियन देशांच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२१ मध्ये डीकॅश हे आपलं डिजिटल चलन सुरू केलं. जानेवारी २०२२ मध्ये ते बंद पडलं आणि जवळपास दोन महिने बंदच राहिलं, कारण यंत्रणेच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली होती. दोन महिने! नोटेच्या बाबतीत असं झालं असतं तर सरकारं पडली असती. इथे फारसं काही झालं नाही, कारण वापरणारे थोडे होते आणि सगळ्यांकडे नोटा होत्या.

स्वीडनचं पुन्हा सांगतो, कारण रोखीपासून सर्वात दूर गेलेल्या देशांपैकी तो एक आहे. रिक्सबँकेने २०१७ पासून ई-क्रोना या डिजिटल चलनावर काम केलं, २०२० पासून चाचणी घेतली. मार्च २०२३ मध्ये तिथल्या सरकारी चौकशीने सांगितलं की आज त्याची पुरेशी गरज दिसत नाही. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये युद्ध किंवा संकट आल्यास काय करावं याची पुस्तिका घरोघरी गेली, त्यात लिहिलंय की निदान आठवडाभर पुरेल इतकी रोख घरात ठेवा. साडेतीनशे वर्षांपूर्वी जिथे कागदावरचा विश्वास उडाला होता, तिथे आज सरकार कागद जपून ठेवायला सांगतंय.

या चर्चेने माझं मत एका बाबतीत बदललं. मी धागा काढला तेव्हा मला वाटत होतं की रोख घटतेय म्हणून डिजिटल चलन हवं. आता वाटतं की आधी रोख टिकवायला हवी, तिच्या आधाराने डिजिटल चलन सावकाश आणावं, आणि कोरा_कागद म्हणतात तशी कलमं कायद्यात आधी यावीत. युरोपीय आयोगाने २८ जून २०२३ रोजी दोन प्रस्ताव एकत्र मांडले होते. डिजिटल युरोच्या प्रस्तावाची बातमी सगळीकडे झाली. दुसरा युरोच्या नोटा-नाण्यांसाठी होता: दुकानदाराने रोख घ्यावी आणि लोकांना रोख सहज मिळावी याची तजवीज सदस्य देशांनी करावी. त्याच्याकडे फार कमी लोकांनी पाहिलं. रोख नाकारणाऱ्याला त्यात कोणत्या सवलती आहेत ते मी कलमवार वाचतोय, झालं की इथेच टाकतो.

सांजवेळ

नक्की टाका. ग्रामीण भागातल्या एटीएमबद्दल त्यात काही असेल तर तेही लिहा, माझा पुढचा प्रश्न तोच आहे.